कप्तानाचा डावा हात

भानुदास गेल्याची बातमी मला कंपनीच्या बसमध्ये कळली. दीड महिना झाला. सिडकोच्या थांब्यावर तो चढला नाही, म्हणून मी फोन लावला. त्याच्या मुलीनं, सवितानं उचलला. "काका, पप्पा सकाळी उठलेच नाहीत…" एवढंच म्हणाली. मी क्रांती चौकात उतरलो आणि रिक्षानं उलटा त्याच्या घरी गेलो.

भानुदास मूळचा कन्नड तालुक्यातला, वाळूजला आमच्या कंपनीत प्रेसशॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर. मी स्टोअरमध्ये. बावीस वर्षं एकाच सीटवर बसलो. जाताना खिडकी त्याची, येताना माझी. एकदा औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याला अंतराळातल्या साहसांची एक कादंबरी मिळाली. मालिकेतला चौथा भाग! मी म्हटलं, "आधीचे तीन वाचल्याशिवाय काय डोंबल कळणार?" तर म्हणतो, "कुलकर्णी, चालत्या बसमध्ये चढायची सवय हाय आपल्याला."

तो मोठ्यानं वाचायचा आणि सगळी बस ऐकायची. ड्रायव्हर गफूरभाई आरशात बघून विचारायचे, "बचा क्या वो? बोलो ना, भानुदासभाई." एकदा पाठलाग असा रंगला, की गफूरभाईंनी कंपनीचं वळणच चुकवलं. सगळ्यांना लेट लागला. सुपरवायझरला काय सांगणार, यान पेटलं होतं म्हणून?

आमचं खरं भांडण कादंबरीतल्या कप्तानावरून. त्याला डावा हात नव्हता. का नव्हता, ते आधीच्या भागात असणार. चौथ्यात नुसतं 'त्या प्रकारानंतर' असं होतं. माझं म्हणणं, हात लढाईत गेला. भानुदास मान हलवायचा.

"नाय. प्रेसवर गेला. हातापुढचा गार्ड लावला नसंल."

"अरे, अंतराळात कसला आलाय प्रेस?"

"मग ते यान काय पोळपाटावर लाटलं का? पत्रा कुणीतरी दाबलाच असंल ना."

पैज लागली. हरणारानं दोन्ही वेळची खिडकी सोडायची. पाचवा भाग मिळाला, सहावा मिळाला, पण पहिला काही हाती लागेना. दर सोमवारी वाद नव्यानं सुरू. मी त्याला अडाणी म्हणायचो, तो मला पुस्तकी किडा. पहिल्या भागाचं विचारलं की म्हणायचा, "शोधतोय ना, लई घाई तुला."

तेराव्याला सवितानं त्याची डब्याची पिशवी माझ्या हातात दिली. आत पहिला भाग. खुणेला गेटपासची चिठ्ठी, तीन वर्षांपूर्वीची. त्या पानावर एक तरुण मेकॅनिक यानांच्या कारखान्यात प्रेसवर काम करताना डावा हात गमावतो. पुढं तोच कप्तान होतो. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'गार्ड नव्हता.' आणि खाली, 'कुलकर्णीला सांगायचं नाय. भांडण मिटलं तर बसमध्ये बोलायचं काय?'

तेराव्याच्या घरात मी मोठ्यानं हसलो, आणि मग रडू आवरेना… वहिनी म्हणाल्या, "हे बी ते पान काढून असंच हसायचे."

तीन वर्षं जिंकलेली पैज पिशवीत ठेवून हा माणूस दर सोमवारी माझ्याशी भांडत होता, आणि येताना मुकाट्यानं मला खिडकी देत होता. माझा असा दोस्त होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

ते पुस्तक आता माझ्या डब्याच्या पिशवीत असतं. जाताना आणि येतानाही मी खिडकी सोडून बसतो. कुणी म्हणालं, काका, खिडकीकडं सरका की, तर सांगतो, नाय बाबा, पैज हरलोय.