बर्निसचा हात

मिशिगनात बर्फ वितळावं म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाड्यांच्या पत्र्यात शिरतं आणि आतून खात बसतं. वरून रंग तुकतुकीत, पण बोट टेकवलं की बोट आत. बे सिटीच्या कॅझ स्टेफन्स्कीच्या काळ्या गाडीची हीच गत झाली होती. गाडी एकोणसत्तर सालची, दोन दरवाजांची. तिचं इंजिन सुरू झालं की पोळ्याचे सगळे बैल एकदम उधळल्यासारखं वाटायचं, पण मागच्या चाकावरचा पत्रा मात्र चाळण झाला होता.

कॅझने तो कुजका पत्रा कापून काढला. नवा पत्रा ठोकून ठोकून चाकाच्या गोलाईवर बसवला, वेल्डिंग केलं, सांधा घासला. हे सगळं घरच्या गॅरेजात आणि एकट्याने. मग काळा रंग मारून गाडी उन्हात काढली, तर चाकावरचा पत्रा वाऱ्याने पाणी हलावं तसा लाटालाटांचा दिसला. त्याने रंग खरवडला, पुन्हा ठोकलं, पुन्हा रंगवलं. पुन्हा लाटा.

काळा रंग चहाडखोर असतो, काही म्हणजे काही लपवत नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती कॅझने कुणाला सांगितली नव्हती. पत्र्याचं काम डोळ्यांनी होत नाही. तळहात सपाट ठेवून फिरवायचा आणि उंचवटा कुठे, खळगा कुठे, ते हाताला विचारायचं. कॅझने अर्धं आयुष्य मोटारीच्या कारखान्यात घासायचं यंत्र धरून काढलं होतं. त्या थरथरीने त्याची बोटं बधिर झाली होती. दोन्ही हातांची. हाताला विचारावं तर हात मुका.

"काय रे लोहारा, गाडी रंगवतोयस की धुणं वाळत घातलंयस?" कुंपणापलीकडून नॉर्ब म्हणाला. हा शेजारी सकाळपासून कॉफीचा मग घेऊन तिथेच उभा असायचा. "किती त्या सुरकुत्या!"

"तू तुझ्या तोंडावरच्या मोज आधी," कॅझ म्हणाला. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. त्या दुपारी त्याने टोलेडोच्या एका माणसाला फोन लावला. तो माणूस बरीच वर्षं गाडी मागत होता. 'शनिवारी येऊन घेऊन जा,' कॅझने सांगून टाकलं. ज्या गाडीचा पत्रा स्वतःच्या हाताला कळत नाही, ती दारात ठेवून रोज काय बघायचं?

बर्निस, त्याची बायको, स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. तिने फोन ऐकला.

आता या दोघांचं लग्न कसं जमलं ते सांगायला हवं. कारखान्यात कॅझ पत्रा घासायचा आणि त्याच रांगेत, चार माणसं पुढे, बर्निस तपासनीस होती. पांढरे सुती हातमोजे घालून ती प्रत्येक गाडीवरून हात फिरवायची आणि जिथे खोट लागेल तिथे खडूने गोल काढायची. तो गोल म्हणजे काम पुन्हा करा. सगळे घासणारे त्या खडूला शिव्या घालायचे, आणि सर्वांत जास्त गोल कॅझच्या वाट्याला यायचे. एकदा तो तणतणत तिच्याशी भांडायला गेला. "मी घासलेल्या दारात खोट? दाखव कुठाय!" तिने स्वतःचा मोजा काढून त्याच्या हातात चढवला आणि तो हात दारावर ठेवला. खोट होती. वर्षभराने दोघं चर्चमध्ये उभी राहिली. कॅझने तेव्हा एकच अट घातली होती, "खडू आपल्या घरात आणायचा नाही." तिने ती आजवर पाळली.

शुक्रवारी सकाळी कॅझ गॅरेजात गेला तर बर्निस आधीच तिथे. अंगावर स्वयंपाकाचा ॲप्रन, एका हातात चढवलेला पांढरा सुती मोजा, आणि दुसऱ्या हातात खडू.

"अगं, हे काय? आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. आज मोडतेय. हो बाजूला."

"उद्या तो माणूस यायचाय, बर्निस."

"येऊ दे. त्याला कोबीची भाजी खायला घालू आणि पाठवून देऊ."

"तुला कळत नाहीये. माझ्या हाताला..."

"कॅझ, इस्टरला सॉसेजचा तापलेला तवा तू उघड्या हाताने उचललास आणि 'हाय' म्हणालासुद्धा नाहीस. मला तेव्हाच कळलं. तू सांगशील म्हणून मी वाट बघत होते. पण तू कसला सांगतोस! मूग गिळून बसलास. लाज कसली वाटते रे म्हाताऱ्या, माझी?"

कॅझ बाजूला झाला.

तिने डोळे मिटले, तळहात पत्र्यावर ठेवला आणि तिरका, लांब, सावकाश फिरवला. पुन्हा, थोडा खालून. कॅझ बघत राहिला. कारखान्यात त्याने तिचा खडू पाहिला होता, तिचा हात कधी नीट पाहिलाच नव्हता. त्या पत्र्यावर दिवा तिरका धरून तो कितीतरी वेळ डोळे फोडत बसला होता, आणि आता त्याच काळ्या पत्र्यावर एकामागून एक गोल उमटत होते. "हा उंच. नखाएवढाही नाही, पण आहे. इथे खळगा. इथून तिथपर्यंत तू जास्त ठोकलंयस, पत्रा ताणलाय." तिचा आवाज देवळात बोलावं तसा हळू झाला होता. कॅझच्या अंगावर काटा आला. अशा हजारो गाड्या या हाताखालून गेल्या, कुठल्या कुठल्या रस्त्यांवर धावल्या, आणि त्यांच्या मालकांना या हाताचं नावही माहीत नव्हतं. तो स्वतः तर त्या हाताला शिव्या देत होता.

मागून लोखंडी ठोकळा लावून तो गोलावर हातोडी मारायचा, ती हात फिरवायची. "अजून." टक्. "अजून थोडं. बास!" नॉर्ब कुंपणापाशी येऊन उभा राहिला. कॉफी गार झाली तरी त्याने एकही टोमणा मारला नाही.

टोलेडोच्या माणसाला कॅझने त्याच संध्याकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या माणसाने दोन शिव्या हासडल्या, त्या कॅझने आनंदाने ऐकल्या.

पुढच्या आठवड्यात रंग मारला, सुकू दिला आणि गाडी उन्हात काढली. चाकावरच्या काळ्या पत्र्यात नॉर्बचं कुंपण फळीन् फळी सरळ दिसत होतं.

"आई शप्पत!" नॉर्ब म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

कॅझने पत्र्यावर हात ठेवला आणि फिरवला. त्याचा चेहरा पडला.

"काहीच कळत नाही गं," तो म्हणाला. "एवढं केलं आपण, आणि मला काहीच लागत नाही हाताला."

बर्निसने त्याच्या मानेला धरून त्याला खाली वाकवलं. "गाल टेकव."

"नॉर्ब बघतोय."

"बघू दे त्याला. टेकव म्हणते ना."

कॅझने गाल टेकवला आणि पत्र्यावरून हळूच पुढे नेला. गार, गुळगुळीत, कुठे म्हणून अडलं नाही. त्याचे डोळे भरून आले. तो तसाच वाकून राहिला.

"लागतंय?" बर्निसने विचारलं.

"लागतंय," तो म्हणाला.