टिपरवाला आणि त्याची बाय

कुत्रीशी बोलताना तो नेहमी तिच्याकडे पाठ करून बसायचा. उकिडवा, हात गुडघ्यांवर, तोंड भिंतीकडे, आणि बोलणं मात्र मागे दोन हातांवर अंग चोरून बसलेल्या कुत्रीशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा भिंतीशी बोलतोय. आमच्या गुरांच्या दवाखान्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. तिला आत घ्या, रांग आहे, असं म्हटलं की मान न वळवता तो म्हणायचा, "घाय कोणाक आसा?"

घाई मलाच असायची. दवाखाना डिचोली तालुक्यातला, गावाचं नाव नको. मी तिथला अटेंडंट. जनावर धरायचं, डॉक्टरांना शीर उठवून द्यायची, भांडी उकळायची, फरशी धुवायची. वीस वर्षं हेच करतोय. मी धरलं की म्हैससुद्धा हलत नाही, असा माझा लौकिक होता. त्यातला निम्मा मीच पसरवलेला.

तो मूळचा दोडामार्गकडचा. तरुणपणी इकडे खाणीवर आला आणि खनिजाचा टिपर चालवण्यात त्याची उमर गेली. खाण बंद पडल्यावर बरोबरचे लोक आपापल्या गावी गेले. हा मागे राहिला, बंद वर्कशॉपचा वॉचमन म्हणून. केसपेपरवर त्याचं नाव होतं, पण आम्ही सगळे टिपरवालाच म्हणायचो. त्यालाही ते आवडायचं. हात बघितलेत तर तुम्हालाही पटलं असतं; एवढे रुंद पंजे की स्टिअरिंगशिवाय दुसरं काही त्यात शोभलंच नसतं.

कुत्री त्याला खाणीवरच्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीत सापडली. कुणीतरी तारेनं बांधून ठेवली होती, आणि काम संपल्यावर बांधणारे निघून गेले होते. तार गळ्यात रुतली होती. ती कापायला हात पुढे केला की कुत्री मुतायची. तेव्हाच कधीतरी त्याला पाठ करून बसायची युक्ती सुचली. समोरून येणारा माणूस तिला नको होता. पाठ फिरवून बसलेला चालायचा. तिचं नाव त्यानं ठेवलं नाही. नुसतं 'बाय' म्हणायचा, आपल्याकडे कुठल्याही घरात लेकीला म्हणतात तसं.

त्यानं तिला आमच्याकडे आणलं ते मागून रक्त ठिबकायला लागलं म्हणून. आमच्या डॉक्टर वाळपईच्या, वयानं तरुण, बोलायला सरळ. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की गाठ आहे, भटक्या कुत्र्यांत होते तशीच, पण बरी होणारी आहे. दर आठवड्याला एक, अशी सहा इंजेक्शनं. मात्र औषध जळजळीत. शिरेतच गेलं पाहिजे. बाहेर सांडलं तर पाय सडेल. म्हणजे इंजेक्शन संपेपर्यंत कुत्रीनं हलता कामा नये. आणि मध्ये खंड पडला तर गाठ चिवट होते, मग औषध लागू पडेल याचा भरवसा नाही.

टिपरवाल्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग मी माझी काठी आणली. लांब काठीला पुढे तारेचा फास असतो. तो गळ्यात अडकवला की जनावर लांबून धरता येतं. तार बघितल्यावर बायनं जे केलं ते मी लिहीत नाही. तिचा आवाज ऐकून बाहेरच्या शेळ्या दावी तोडायला निघाल्या. चौघांनी दाबून धरली तेव्हा कुठे पहिलं इंजेक्शन झालं. मधेच त्यानं फास काढायला हात घातला, तर बायनं त्याच्याच अंगठ्याचा लचका घेतला. रक्ताळलेला हात पोटाशी धरून तो तिच्याकडे पाठ करून बसला आणि हळूच म्हणाला, "चुकलंय गे बाय. माका ठावक नव्हतां."

मला त्याचा राग आला. इंजेक्शन झालं होतं, काम फत्ते झालं होतं, आणि हा माणूस कुत्रीची माफी मागत बसला होता.

पुढच्या बुधवारी तो एकटाच आला. बाय दवाखान्याच्या वळणापर्यंत आली, स्पिरिटचा वास लागला असावा, पट्ट्यातून मान सोडवून पळाली, ती खाणीच्या खड्ड्याकडे. सापडायला दोन दिवस लागले. गुंगीची गोळी देऊन बघितली, तर ती झोकांड्या खात भिंतीला धडकली आणि भीती होती तेवढीच राहिली. हाडांचा सापळा झालेल्या जनावराला दर आठवड्याला याहून जास्त भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हत्या. आठवडा फुकट गेला, मग दुसरा. रक्त वाढत होतं.

तेव्हा मी माझी अक्कल चालवली. आज हे लिहितोय ते खरं तर त्या अकलेपायीच.

बोलता बोलता तो सांगून गेला होता की बाय जगात एकाच आवाजाला भीत नाही. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो, त्याच्या भोंग्याला. पों पों ऐकू आलं की शेपूट हलवत फाटकापाशी जाते, आणि टिपरवाला तिला एक गरम उंडो, पोदेराचा गोल पाव, मोडून घालतो. वीस वर्षांचा अनुभवी माणूस मी, मला लगेच सुचलं. आमच्या वाड्यावरच्या पोदेराकडून जुना भोंगा मागून आणला. बुधवारी दवाखान्याच्या मागच्या दाराशी उभा राहून वाजवला. टिपरवाल्याच्या मागे लपलेल्या बायनं कान टवकारले. मी वाजवत वाजवत आत गेलो, टेबलावर उंडो ठेवला, आणि ती आपल्या पायांनी आली. खरंच आली. तोंड उंड्याला लावलं तशी मी तिची मान बगलेत आवळली. दुसरं इंजेक्शन दोन मिनिटांत झालं.

त्या दिवशी मी दवाखान्यात सगळ्यांना चहा पाजला. शेळ्या घेऊन आलेल्या बायांनाही भोंगा वाजवून दाखवला. टिपरवाला हसला नाही. कुत्रीला उचलून घेऊन गेला.

चार दिवसांनी तो आला आणि बाकावर बसून राहिला. विचारल्यावर म्हणाला की पोदेर आला की बाय आता मोडक्या टिपरखाली शिरते आणि दुपारपर्यंत बाहेर येत नाही. उंडो पुढे ठेवला तर वास घेऊन मागे सरते. "सकाळचो तो एकच आवाज तिका गोड लागत होतो," तो म्हणाला. "तोव मी नासवलंय."

मी, असं तो म्हणाला. तू असं नाही. भोंगा माझ्या टेबलाखाली पडला होता. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी मलाही बसवून घेतलं आणि दोघांना समजावलं की आपण क्रम उलटा केला. आधी पाव आणि मग सुई, असं झालं की पावच सुईसारखा होतो. आधी भीतीची वस्तू, अगदी थोडीशी, आणि तिच्या मागोमाग पाव, असं व्हायला हवं होतं. तेही रोज, इंजेक्शन न देता. किती दिवस लागतील ते कुत्री ठरवणार. आणि गाठ तेवढे दिवस थांबणार नव्हती.

तिथून पुढचे दिवस हेच चाललं. तो रोज तिला चालवत आणायचा. पहिले काही दिवस फक्त वळणापर्यंत. तिथं बसायचं, काहीतरी खायला घालायचं, परत. भोंग्यापायी उंडो गेला होता, म्हणून त्यानं सुक्या बांगड्याचे तुकडे भाजून आणायला सुरुवात केली. मग फाटक. मग पायरी. घरी स्पिरिटचा बोळा उघडायचा आणि लगेच बांगडा. एका दुपारी टेबलाची भीती घालवायची म्हणून त्यानं मलाच टेबलावर आडवं केलं. माझा हात धरला, दंडाला रबरी नळी बांधली, बोळा फिरवला आणि माझ्या तोंडात खरोखर बांगड्याचा तुकडा घातला. शेळीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाय दारातून बघत होती. ती पहिल्यांदाच उंबरठ्याच्या आत आली.

पण रोज येताना ती थोडी कमी असायची. बरगड्या मोजता येत होत्या. पायरीवर बसली की खाली डाग राही, तो मी फडक्यानं पुसायचो, त्याला दिसायच्या आधी. त्याला दिसतच असणार. घाई कोणाला आहे, असं म्हणायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. आता दारात शिरल्याबरोबर तो डॉक्टरांकडे बघायचा, आणि डॉक्टर मान हलवायच्या की अजून नाही.

एके दिवशी त्याचा धीर सुटला. "दोतोर, आज धरून करूया," तो म्हणाला. "मी धरतंय. मरण्यापरास भियालेली बरी." डॉक्टरांनी औषध भरलं. त्यानं ते रुंद पंजे बायच्या खांद्यांवर ठेवले आणि आवळले. ती ओरडली नाही, चावली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. मग हात काढले आणि भिंतीकडे तोंड करून रडला. साठीचा माणूस, खांदे हलत होते. त्यानं सोडायला नको होतं का? मी आजही सांगू शकत नाही. तुम्हाला सांगता येत असेल तर तुम्ही माझ्याहून शहाणे.

आणखी आठवड्याभरानं ती टेबलावर उभी राहिली आणि टिपरवाल्यानं बोट लावल्याबरोबर पुढचा पाय तिनं माझ्या हातात दिला. तिसरं इंजेक्शन झालं, कोणी दाबलं नाही. पुढच्या बुधवारी चौथं. डॉक्टर हसत होत्या, मी हसत होतो, तो तिच्या कपाळावर नाक टेकवून उभा होता. पाचव्याच्या वेळी डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि त्यांचं हसू गेलं. पणजीला नेऊन फोटो काढून आणला. गाठ आत पसरली होती. औषधाला ती आता जुमानत नव्हती. मधल्या आठवड्यांचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही. मी ते मनातल्या मनात परत परत मोजले. भोंग्यानंतरचे किती, त्याआधीचे किती.

बायनं खाणं सोडलं, लघवी अडली. तिला कायमचं झोपवणारं शेवटचं इंजेक्शन द्यायचं हे त्यानंच ठरवलं, आम्ही सुचवायच्या आत. त्या सकाळी तो तिला उचलून आणू शकला असता, पण ती चालत आली. पायऱ्यांवर दोनदा थांबली. टेबलावर त्यानं तिचं तोंड दोन्ही पंजांत घेतलं आणि त्या दिवशी तो तिच्यासमोर उभा राहिला, तोंडाला तोंड लावून. काय बोलत होता ते मला कळलं नाही, फक्त गे बाय, गे बाय एवढं. शीर उठवायला पाय माझ्या हातात होता. डॉक्टरांचे डोळे भरले होते, तरी सुई पहिल्या प्रयत्नात गेली. तिचं डोकं त्याच्या हातात सावकाश जड झालं.

तिला त्यानं खाणीवरच पुरलं. नंतर तो दवाखान्यात आला नाही. महिन्याभरानं मला डिचोलीच्या बसस्टँडवर दिसला, दोडामार्गच्या बसपाशी, एक पिशवी आणि एक वळकटी घेऊन. नोकरी सोडली म्हणाला, भावाकडे चाललोय. तब्येतीचं विचारलं, पावसाचं बोललो. बस सुटायला आली तसा तो पायरीवर चढला आणि परत खाली उतरला.

"एक इचारू?" तो म्हणाला. "तू पाय धरलेलंस. त्या दिवसा ती भियाली नाय ना?"

तो तिचं तोंड बघत होता, आणि तोंड शांत होतं. पण पाय माझ्या अंगठ्याखाली थरथरत होता. फास बघून थरथरला होता तसाच, सुई जाईपर्यंत, औषध संपत येईपर्यंत. इतकी भीत असूनही तिनं तो ओढून घेतला नव्हता.

"नाय," मी म्हटलं. "भियाली नाय."

त्यानं मान हलवली. कंडक्टरनं हाक मारली तशी वळकटी उचलून तो बसमध्ये चढला आणि खिडकीपाशी जाऊन बसला.