तीनदा पुकारा

जोंधळेसाहेब न्यायासनावर बसले की आधी दाराकडं बघायचे, फाईल नंतर. मी नांदेडच्या कोर्टात त्यांचा शिपाई. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करणं हे माझं काम. पुकारा करून कोणी आलं नाही, तर बाकीचे साहेब दावा खारीज करून मोकळे व्हायचे. हे म्हणायचे, "थांब रे गंगाधर. पाणी प्यायला गेला असंल. आणखी दोनदा हाक मार."

त्याला कारण होतं. त्यांचे वडील मुरुडला दुसऱ्याच्या शेतात राबायचे. राहत्या जागेचा दावा लातूरच्या कोर्टात चालू होता. दिवसभर दाराशी उभे राहून ते नळावर गेले, तेवढ्यात पुकारा झाला आणि दावा खारीज. "बाप हात पुसत आला, तवर जागा गेलती," साहेब सांगायचे. त्या रागातूनच ते जज झाले.

पण हीच माया त्यांना भोवली. निकाल कमी निघतात असा शेरा बसला, बढती अडली. वकील मंडळी तोंडावर वाकून नमस्कार करायची आणि पाठीमागं 'कोट्यातला जज' म्हणून हसायची. मी तिथंच चहा पीत उभा असायचो. एकदाही तोंड उघडलं नाही.

निवृत्त होऊन साहेब विष्णुपुरीला राहिले. शेजाऱ्यानं त्यांच्या जागेत भिंत घातली. साहेबांनी दावा लावला, वकीलही स्वतःच. आमच्या नव्या साहेबांचा नियम एकच हाकेचा. त्या दिवशी जोंधळेसाहेब सकाळपासून दाराशी उभे, गुडघे पार गेलेले. "पाणी पिऊन येतो रे," म्हणाले, आणि नेमकं त्यांचंच प्रकरण निघालं. नळ व्हरांड्याच्या टोकालाच होता. मी नाव पुकारलं, एकदाच, आणि गप्प उभा राहिलो. नोकरीची भीती, दुसरं काय! थू माझ्या जिंदगानीवर.

ते हात पुसत आले. "पुकारा झाला का?"

"झाला, साहेब. खारीज झालं."

"किती येळा पुकारलास?"

मी एक बोट वर केलं.

"हाव का," ते हसले. "म्हंजे बापाचीच गत झाली."

दावा पुन्हा चालवावा म्हणून त्यांनी अर्ज दिला. तारखेच्या आठ दिवस आधी ते गेले. मी खांदा दिला. कोर्टाला अजून कुणी कळवलं नव्हतं, मीही नाही.

तारखेला त्यांचं प्रकरण निघालं. मी दाराशी जाऊन नाव घेतलं. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, पार नळापर्यंत ऐकू जाईल असं.

"अरे, एकदा बास होतं की," आतून नवे साहेब करवादले.