बाय म्हणजे हो

पुतण्याचं लग्न एका बास्क मुलीशी ठरत होतं. दोघं बेळ्ळंदूरच्या एकाच ऑफिसात. मुलीच्या आईने बनशंकरी भागातल्या आमच्या घरी येऊन होकार द्यायचा, एवढंच बाकी होतं.

बास्क ही स्पेनच्या उत्तरेकडची जुनी भाषा. जगातल्या एकाही भाषेशी तिचं नातं लागलेलं नाही. माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, हे मान्य नव्हतं. निवृत्तीनंतर ते शब्दांची मुळं शोधतात. बास्कमध्ये आईला ‘आमा’ म्हणतात हे कळल्यावर ती भाषा आपल्याकडूनच तिकडे गेली, अशी त्यांची खात्री पटली. पाहुणीने फक्त बास्कमध्येच बोलावं, असा निरोप त्यांनी मुलाकडून पाठवला.

पाहुणी हॉटेलातून एकटीच आली. पुतण्या आणि मुलगी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. जेवण वाढलं गेलं. आणखी पुरणपोळी हवी का, असं वहिनींनी खुणेने विचारलं.

पाहुणी म्हणाली, “एस.”

वहिनींनी वाढली, परत विचारलं. तिने पानावर हात आडवा धरला आणि “एस, एस” म्हणाली. वहिनींनी हात चुकवून वाढली. हा शब्द इंग्रजी आहे म्हणून अण्णांनी सोडून दिला.

मग वहिनींनी मुलाचा फोटो तिच्या हातात दिला आणि आपल्या मंगळसूत्रावर बोट ठेवून विचारलं, “मॅरेज, ओके?”

फोटो परत देत ती हसून म्हणाली, “बाय.”

वहिनी पाण्याचं निमित्त करून आत गेल्या. मी मागोमाग गेलो.

“चार पोळ्या खाऊन बाय म्हणते,” त्या म्हणाल्या. “स्वल्प तरी लाज?”

तेवढ्यात दोघं पोचली. मुलीने आईचं पान पाहिलं, झालेला प्रकार ऐकला आणि उलगडा केला. बास्कमध्ये ‘एस’ म्हणजे नाही, ‘बाय’ म्हणजे हो. ‘बाय’ मुळात कुठला, अण्णांनी लगेच विचारलं. नक्की कुणालाच ठाऊक नाही, असं ती म्हणाली. अण्णांना बरं वाटलं.

वहिनींनी बाहेर येऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. घोटाळा कळलेल्या पाहुणीने यजमानांच्या सोयीसाठी भाषा बदलली.

“येस.”

हे कोणत्या भाषेतलं, कुणालाच कळेना. मुलीचाही चेहरा उतरला.

वहिनींनी हात जोडले. “येस नको हो, विहीणबाई. बाय म्हणा.”

“बाय,” विहीणबाई म्हणाल्या.

‘विहीणबाई’तला ‘बाई’ आणि हा ‘बाय’ एकच, असं अण्णा तेव्हापासून सांगतात. सून दर वेळी “एस” म्हणते. अण्णा ते इंग्रजी धरतात.