मागच्या बाल्कनीतला नळ

गच्चीवर सोलर बसवला, तेव्हा बसवणारे काका म्हणाले होते, "पंप लागत नाही ताई. तापलेलं पाणी हलकं होतं आणि आपलं आपण वरच्या टाकीत चढतं." केवढं कौतुक वाटलं होतं मला! येईल त्या पाहुण्याला गच्चीवर नेऊन दाखवायचे.

आज सकाळच्या थंडीत भांड्यांना येणाऱ्या सुमनताई मागच्या बाल्कनीत ओले हात काखेत घालून उभ्या दिसल्या. मला पाहताच त्यांनी हात पुन्हा नळाखाली धरले. "काही नाही वहिनी, जरा गार लागलं."

वर चढायला पाण्याला कुणीच लागत नव्हतं. खाली त्या नळापर्यंत यायला मात्र माझा एक होकार हवा होता. काकांनी विचारलंही होतं, तिथे जोडणी देऊ का म्हणून.

"तिथे कशाला?" मी म्हणाले होते. "तिथे फक्त भांडी घासतात."