यादीतली मीटरबाई

तिला सगळे मीटरबाई म्हणत. नवरासुद्धा. पाणीखात्यात अठरा वर्षं ती घरोघर जाऊन मीटरचे आकडे टिपत होती, आणि हे काम दिसतं तितकं सोपं नाही. मीटर असतो अंगणाच्या कडेला, खड्ड्यात. वर लोखंडी झाकण, झाकणावर कुणाची तरी कुंडी नाहीतर कुत्रं. कुंडी सरकवायची, कुत्र्याची समजूत घालायची, हुकाने झाकण उचलायचं, गुडघे टेकून आत वाकायचं आणि काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसून आकडा वाचायचा. बरोबर वाचायचा. तिनाचा आठ झाला की त्या घरात महिनाभर भांडणं. अठरा वर्षांत तिच्याविरुद्ध एकच तक्रार आली होती आणि तीही तिच्या तोंडाबद्दल होती, आकड्याबद्दल नव्हती.

पालिकेने पाणीखातं एका ठेकेदाराच्या हवाली करायचं ठरवलं, तेव्हा शहरातल्या दोनेकशे माणसांनी एका शनिवारी पालिकेसमोर निदर्शनं केली. मीटरबाई गेली. पुढारी म्हणून नव्हे. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला. हातात मुलीने रंगवून दिलेला फलक होता. पहिली घोषणा देताना तिचा आवाज पुटपुटल्यासारखा निघाला, दुसरीला मोकळा झाला आणि पाचवीपर्यंत शेजारच्या बाईने कानावर हात ठेवले. संध्याकाळी घरी येऊन तिने भांडी घासली. तिच्या लेखी विषय संपला होता.

आठ दिवसांनी नवऱ्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. नवरा फ्रिज दुरुस्त करतो. माणूस गरीब गाईसारखा.

"हे बघ. तू आहेस यात."

'ओळखा यांना' असं त्या पानाचं नाव. खाली सदतीस जणांचे फोटो आणि प्रत्येकाची कुंडली: पूर्ण नाव, वय, घरचा पत्ता, नोकरी कुठे, घरात कोण कोण. मीटरबाईचा फोटो घोषणा देतानाचा होता, तोंडाचा आ वासलेला. पत्ता मतदारयादीतून उचललेला. नवऱ्याचा नंबर त्याच्या दुकानाच्या पाटीवरून. मुलीचं नाव आणि शाळा, शाळेनेच मोठ्या हौसेने टाकलेल्या पोहण्याच्या स्पर्धेच्या फोटोखालून. सासूबाईंचा रक्तगट कुठल्याशा शिबिराच्या यादीतून. चोरलेलं काहीच नव्हतं. सगळं कुठे ना कुठे उघड्यावर पडलेलं होतं. कुणीतरी कचरा वेचावा तसं वेचून एका पोत्यात भरलं होतं.

"एक्कावन्न?" मीटरबाई म्हणाली. "मी एक्कावन्न वर्षांची?"

"अगं, वयाचं काय घेऊन बसलीस!"

"त्रेचाळीस! यांना साधी वजाबाकी येत नाही आणि हे शहर चालवणार."

ती हसली खरी, पण ते हसू दोनच दिवस टिकलं. सोमवारी टपालाने एक कार्ड आलं. छान जाड कागद, सुबक छपाई, सही नाही. 'आपली मुलगी मंगळवारी व गुरुवारी पोहायला जाते असे समजले. त्या रस्त्यावर वर्दळ फार असते. काळजी घ्यावी. आपले हितचिंतक.'

मुलीने शेजारी उभं राहून कार्ड वाचलं. चौदा वर्षांची पोर. गुरुवारी पोहण्याची पिशवी खुंटीला तशीच राहिली. "पोट दुखतंय," एवढंच म्हणाली. आई आणि मुलगी दोघींनाही माहीत होतं, पोट दुखत नव्हतं.

मीटरबाई कार्ड घेऊन पोलीस ठाण्यात गेली. टेबलामागच्या हवालदाराने ते उलटून पालटून पाहिलं, उजेडातसुद्धा धरलं.

"यात धमकी कुठाय बाई? काळजी घ्या म्हटलंय. माझी बायको मला रोज तेच सांगते."

"तुम्ही कधी, कुठे, कुठल्या रस्त्याने जाता ते तुमच्या बायकोला माहीत असू दे साहेब. यांना कशाला हवंय?"

"पण माहिती सगळी जाहीरच आहे ना? जाहीर माहिती कुणीही वाचावी. गुन्हा कुठला लावू?"

"माझं घरही जाहीरच आहे. रस्त्यावरनं दिसतं. म्हणून कुणीही खिडकीत तोंड घालून उभं राहावं का?"

हवालदाराने कार्ड परत केलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. शेळपटपणालाही हुद्दा असतो, हे मीटरबाईला त्या दिवशी नव्याने कळलं.

घरी बसून तिला चैन पडेना. अठरा वर्षांची सवय अशी की लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, झाकण उचलून बघायचं. तिने चार दिवसांची रजा टाकली, सदतीस नावं वहीत उतरवली आणि निघाली. नवरा म्हणाला, "आता हे कशाला? गप्प राहा, विसरतील लोक." ती म्हणाली, "विसरतील तेव्हा विसरतील. आधी यांनी नीट लिहिलंय का ते बघते."

पहिल्याच दिवशी तिचा तोरा निम्मा उतरला. यादीतली एक शिक्षिका दार उघडेना. आतूनच म्हणाली, "मी आता कशातच नाही. मला काही विचारू नका."

"मी पण यादीतलीच आहे हो. पाणीखात्यातली."

साखळीएवढी फट पडली. शिक्षिकेचे डोळे सुजलेले. तिच्या कार्डात तिच्या वडिलांचं होतं: ते व्यायामोपचाराला किती वाजता जातात, कुठल्या जिन्यावर त्यांचा तोल जातो. "बाबांना तेवढं एकच बाहेर जाणं आहे आठवड्यात," ती म्हणाली. "आता तेही बंद केलं." आणि दार लागलं. शेपूट घालणाऱ्यांना नावं ठेवायची मीटरबाईची जुनी खोड. पण जिना उतरताना तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

बाराव्या नावाला मात्र तिला मजेशीर प्रकार सापडला. दार एका विधवा बाईने उघडलं. यादीतला माणूस म्हणजे तिचा नवरा, आणि त्याला जाऊन दोन वर्षं झालेली. निदर्शनांत त्याच्याच नावाचा दुसरा कुणी असणार. या पंडितांनी मतदारयादीत पहिलं सापडलं ते नाव उचललं होतं.

"कार्ड आलंय," ती शांतपणे म्हणाली. "'आपले यजमान चुकीच्या लोकांत वावरताना दिसले.' मी म्हटलं, दिसले असतील तर घरी पाठवून द्या म्हणावं. मी वाट बघतेय."

दोघी हसल्या. हसता हसता त्या बाईला रडू फुटलं आणि मीटरबाई अर्धा तास तिथेच बसून राहिली.

एकविसावं नाव एका बसचालकाचं होतं. त्या पत्त्यावर राहत होते एक म्हातारे घड्याळजी, एकटे, डोळ्याला भिंग लावलेले. आडनाव तेच, माणूस वेगळा. त्यांच्या टेबलावर तीन कार्डं ओळीने मांडलेली.

"मला साधं कुणी खुशालीचं पत्र टाकत नाही," ते कडाडले, "आणि इथे आठवड्यात तीन! 'आपल्या दोन्ही मुलांना जपा.' अहो, मी लग्नच केलं नाही! ही दोन मुलं आली कुठून?"

"चुकून आलंय आजोबा. तुमचा काही संबंध नाही."

"संबंध नाही कसा? दमदाटी माझ्या घरी आली ना? मला चहा निवत ठेवून तीन वेळा जिना उतरावा लागला ना? कशाबद्दल आहे हे सगळं, ते तरी सांगा."

मीटरबाईने सांगितलं. ठेकेदार, पाणी, पालिका. घड्याळजींनी भिंग काढलं. "अस्सं. मला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बरं झालं, कळवलं त्यांनी."

चार दिवसांत सदतीस घरं झाली. अकरा पत्ते साफ चुकलेले, नऊ वयं चुकलेली, एक माणूस मेलेला, आणि एका अविवाहिताला दोन पोरं. मीटरबाईच्या भीतीचं काय झालं ते तिलाच कळलं नाही. मुलीबद्दल आलेलं कार्ड आठवलं की अजून ती रात्री उठून दाराची कडी तपासे. पण त्याच्या वर आता दुसरं काहीतरी साचलं होतं. किळस म्हणा. चांगल्या कारागिराला भोंगळ कामाची येते तशी.

हे पान कुठे शिजतं ते शहरात उघड गुपित होतं. सत्तेतल्या एका नगरसेवकाचं 'नागरिक संपर्क कार्यालय', टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. मीटरबाई पाणीखात्याच्या गणवेशातच गेली. खोलीत तीन संगणक, भिंतीवर नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, आणि टेबलामागे टाय लावलेला एक गृहस्थ. पूर्वी तो विम्याची पॉलिसी विकत असे. लोकांच्या दारातून हाकलला जाता जाता त्याला लोकांच्या घरांची इतकी माहिती झाली की आता तो माहितीप्रमुख होता. तशी पाटीच होती टेबलावर.

"मीटर खाली आहे, टायरवाल्याकडे," तो वर न बघता म्हणाला.

"मी मीटर बघायला आले नाही. मी चौदा नंबर. तोंड उघडं असलेली."

त्याने वर पाहिलं. ओळखलं. टाय चाचपला. "आमचा त्या पानाशी काही संबंध नाही. आणि असला तरी, जे जाहीर आहे तेच तिथे आहे. लोकशाहीत पारदर्शकता लागते, बाई."

"लागते ना. मग कार्डावर सही का नाही?"

त्याने टेबलावरची पाटी सरळ केली.

"आणि काम किती कच्चं करता हो तुम्ही! मी सदतीस घरं फिरले. अकरा पत्ते चुकलेत. मेलेल्या माणसाला धमकी दिलीत. मी खात्यात असा आकडा लिहिला असता तर साहेबांनी माझी वही तोंडावर फेकली असती. तुम्हाला कुणी विचारत नाही का?"

मीटरबाईला वाटलं होतं, तो चिडेल, दरवाजा दाखवेल. पण माणूस दुखावला. कान लाल झाले. "अकरा? शक्यच नाही. आम्ही दोन ठिकाणी पडताळतो." मग आवाज खाली आणून, खण उघडून, पेन काढून त्याने विचारलं, "कुठले अकरा? सांगा, दुरुस्त करून टाकतो."

मीटरबाई त्याच्याकडे बघतच राहिली. हा तो राक्षस, ज्याच्यापायी तिची मुलगी पाण्यात उतरत नव्हती. पेन घेऊन बसलेला, शाबासकी हुकलेला एक कारकून.

"लाज नावाची वस्तू कुठल्या यादीत सापडली नाही वाटतं," ती म्हणाली. "झाकणं उचला, गुडघे टेका, स्वतः वाचा. मी फुकट काम करत नाही."

पुढच्या शनिवारी पुन्हा निदर्शनं होती. सदतीसपैकी एकोणीसच आले. शिक्षिका आली नाही, आणि मीटरबाईने तिच्याबद्दल कुणाला बोलू दिलं नाही. पण विधवा बाई आली, नवऱ्याच्या नावाचं कार्ड पुठ्ठ्यावर डकवून. घड्याळजी आले ते शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना ओढून. टायवाल्याचा माणूस समोरच्या फुटपाथवरून फोटो काढत होता. घड्याळजी रस्ता ओलांडून थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"या वेळी नीट लिहून घे," ते म्हणाले. "तिसरा मजला. लिफ्ट बंद असते, धमकी द्यायची तर जिन्याने यावं लागेल. आणि मुलं नाहीत. लिही, मुलं नाहीत!"

लोक हसायला लागले. आधी चारजण, मग सगळा चौक. फोटोवाल्याने कॅमेरा पिशवीत टाकला आणि तो गल्लीत दिसेनासा झाला. त्या हसण्याने काय झालं, तर मीटरबाईच्या मुलीने, जी त्या दिवशी आईचा हट्टाने हात धरून आली होती, हात सोडला.

पालिकेने ठेक्याचा ठराव सहा महिने पुढे ढकलला. अभ्यासासाठी, म्हणे. टायवाल्याला बढती मिळाली, अशांना मिळतेच. नवऱ्याची गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. फोन वाजायचा, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. शेवटी नंबर बदलावा लागला. आणि मीटरबाईची बदली झाली, शहराच्या टोकाला, टेकडीवर, जिथे घरं कमी आणि कुत्री जास्त. बदलीच्या पत्रात 'प्रशासकीय कारण' असं होतं. तेवढं शुद्धलेखन बरोबर होतं.

तिने तिथेही काम नीट केलं. पाचव्या महिन्यात एका घरी ती खड्ड्यात वाकलेली असताना मालकीणबाई पायरीवर येऊन उभी राहिली.

"तुम्ही त्या यादीतल्या ना?"

मीटरबाईने आकडा आधी लिहून घेतला. मग गुडघे झटकत उठली. "हो. का?"

बाईने इकडेतिकडे पाहिलं. "नाही, म्हटलं, ठराव परत येतोय ना पुढल्या महिन्यात. परत जमणार आहात का?"

"पहिला शनिवार, चार वाजता, पालिकेसमोर," मीटरबाई म्हणाली. "टोपी घालून या. तिथे सावली अजिबात नाही."