आखडलेला खांदा आणि माझे व्याही

२००६ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सदरा मुलाने चढवायचा, केस मुलाने विंचरायचे... माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. त्याच वर्षी मारुतराव सिंगापूरला आमच्या हौगांगच्या फ्लॅटवर लेकीकडे राहायला आले. मारुतराव म्हणजे माझे व्याही, माझ्या सुनेचे वडील. पुण्यात त्यांचं सलून होतं. गेल्या महिन्यात ते पुण्यातच झोपेत गेले. सून फोन कानाला लावून नुसती उभी होती, तेव्हाच मला कळलं. रडलो. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू?

मी फारसा शिकलेला नाही. मुंबईच्या गोदीत पोती वाहिली, त्यातच खांदा झिजला असणार. पण ढोलकी मी कुणाकडून शिकलो नाही आणि कुणाला हार गेलो नाही. सिंगापूरला मुलाकडे आलो तेव्हाही ती मांडीवर घेऊन विमानात बसलो. इथली आपली बौद्ध मंडळी वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला बिशानला एका हॉलमध्ये जमतात, गाणी होतात, आणि ढोलकी माझी. त्या वर्षी एक इंजिनियर पोरगा घरी येऊन म्हणाला, "काका, यंदा तुम्ही आराम करा, आपण सीडी लावू." सीडी! त्या दिवशी मी जेवलो नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आखडलाय, व्यायाम करा, वेळ लागेल. मी भिंतीवर बोटं चढवायचो. हात कानापर्यंत जायचा आणि तिथे अडायचा. मारुतराव सोफ्यावरून बघत असायचे. एकदा म्हणाले, "आबा, बसा खाली. तीळतेल कोमट करतो."

"व्याह्याकडून अंग चेपून घेऊ? मुलीच्या बापाला राबवतो म्हणून लोक तोंडात शेण घालतील."

"कोण लोक? खालच्या मजल्यावरचे चिनी?"

तरी मी ऐकलं नाही. कारण खरं कारण दुसरंच होतं. माझ्या लहानपणी गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण आमच्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही. माझे केस माझ्या बापाने कापले, अंगणात बसवून. पुढे मुंबईत सलूनच्या खुर्चीत ऐटीत बसलो, पण मान कधी सैल सोडली नाही. मुलाने न्हाव्याची मुलगी केली, मी लग्नात मिरवलो, पोटभर जेवलो... पण आतली गाठ होती तिथेच होती.

एका सकाळी मारुतराव पुन्हा तेलाची वाटी घेऊन समोर आले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या वाडवडलांनी आम्हाला हात लावला नाही. आता मी लावू देत नाही. झाली फिटंफाट!"

सून कणीक मळता मळता थांबली. मला वाटलं, आता हा माणूस बॅग भरणार. मारुतराव वाटीत बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या बापाने नाही लावला, हे खरं आहे. चूकच केली त्याने. पण आबा, राग त्याचा आणि खांदा आखडला तुमचा! तो तर कधीच गेला, सुखात असेल. बसताय, की तेल पुन्हा गरम करू?"

मला हसू फुटलं. हसणाऱ्या माणसाला ताठ राहता येत नाही. बसलो.

मग ते रोजचंच झालं. फ्लॅटबाहेरच्या व्हरांड्यात प्लास्टिकचं स्टूल, कोवळं ऊन आणि मारुतरावांचे हात. आधी तळहाताने ऊब द्यायचे, मग मान, पाठीचा फरा, दंड, पार बोटांपर्यंत. "एक दिवस रगडून आठवडाभर विसरायचं, असं चालत नाही. रोज थोडं. आणि दुखलं की बोला, पहिलवानकी दाखवू नका." सूज वाटली त्या दिवशी हात लावायचे नाहीत. अंग ऊबदार असतानाच डॉक्टरांचा व्यायाम करून घ्यायचे. आधी झोप परत आली. मग मानेतली कळ गेली. मग एका सकाळी मी आरशासमोर माझा भांग माझ्या हाताने पाडला, आणि घरभर सगळ्यांना दाखवत फिरलो. नात नाक धरून ओरडायची, "आजोबा, सो स्मेली ला!" शेजारची चिनी आजी दारातून विचारायची, "अंकल, शिओक आ?" म्हणजे मजा येतेय का? मारुतरावांना इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी सरळ तिच्यासाठी दुसरं स्टूल मांडलं आणि तिचे पंजे चोळून दिले. दुसऱ्या दिवशी ती संत्री घेऊन आली.

वेसाकला मी वाजवलं. कसं वाजवलं ते मी सांगणार नाही, बिशानमध्ये कुणालाही विचारा. वाजवताना खांद्याची आठवणसुद्धा झाली नाही. मारुतराव पहिल्या रांगेत बसून तालाला सोडून टाळ्या पिटत होते. तो सीडीवाला पोरगा येऊन माझ्या पाया पडला. मी त्याला मारुतरावांकडे वळवलं.

परत येताना एमआरटीच्या गाडीत ते आपलाच अंगठा चेपत बसले होते. मी विचारलं, "मारुतराव, तुमचं अंग कुणी रगडलंय का कधी?"

त्यांनी बराच विचार केला. "आईने रगडलं असेल... तान्हा असताना."

आणि पुन्हा अंगठा चेपू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या आधी उठलो. तेल कोमट केलं, त्यांना खांद्याला धरून बसवलं. "अहो, तुम्ही मुलाकडचे, हे काय करताय..." म्हणत ते उठायला लागले. मी म्हटलं, "मान सैल सोडा." त्यांनी सोडली. आणि मी तेलाने भरलेले दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले.